व्याह्यांची सामाईक डिस्क

जळगावात मला पहिली नोकरी लागली ती कॉम्प्युटर सांभाळायची. प्रत्यक्षात मी सांभाळला तो दोन व्याह्यांचा मानपान.

गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. मी मूळची भडगावची, डिप्लोमा धुळ्याला केलेला, आणि जळगावात मावशीकडे राहून नोकरी करत होते. माझे मालक दोन होते. एक आबा, जळगावचे, पाण्याचे पंप आणि पाइप विकणारे. दुसरे नाना, धुळ्याचे, ट्रान्सपोर्टवाले, ज्यांचे ट्रक दिवसभर धुळे-जळगाव रस्त्यावर धूळ उडवत असत. नानांची मुलगी आबांच्या मुलाला दिलेली. आबांचे पंप नानांच्या ट्रकमधून गावोगावी जायचे, म्हणून लग्नानंतर नानांनी जळगावचं ऑफिस आबांच्या ऑफिसला लागूनच घेतलं. मधे फक्त एक भिंत.

आमच्याकडे खेड्यात व्याह्याला 'याही' म्हणतात. हे दोघे शहरात राहूनही एकमेकांना याहीच म्हणत, आणि इतक्या अदबीने म्हणत की ऐकणाऱ्याला दडपण यावं. दोघे एकाच वेळी जिन्यापाशी आले, तर आधी कोण चढणार यावर चर्चा चालायची. "तुम्ही व्हा पुढे." "छे छे, तुम्ही मुलीकडचे, पाहुणे." "अहो तुम्ही मुलाकडचे, मान तुमचा." तोवर मागे पंपाची खोकी डोक्यावर घेतलेले हमाल ताटकळत उभे. शेवटी हमालच आधी चढून जायचे.

अशा दोन माणसांनी मिळून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं.

त्या काळात प्रत्येकाच्या टेबलावर वेगळा कॉम्प्युटर ठेवणं परवडत नसे. एक मोठं यंत्र आणायचं आणि त्याला वायरी लावून चार-पाच टर्मिनल जोडायची. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, आत डोकं काहीच नाही. सगळं काम त्या एका यंत्राच्या पोटात चाले, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला वाटे, हा अख्खा कॉम्प्युटर आपल्या एकट्याचा आहे. आबांकडे असं एक यंत्र बसलं, नानांकडे एक. आता, कोणता पंप कोणत्या ट्रकने गेला हे आबांना हवं, आणि ट्रकमध्ये काय भरलंय हे नानांना हवं. म्हणून नाशिकहून आलेल्या इंजिनिअरने सुचवलं, की यंत्रं दोन असू द्या, पण माहिती साठवायची डिस्क एकच ठेवू. ती वेगळ्या पेटीत बसेल. दोन्ही यंत्रं वायरीवरून तिच्यात लिहितील आणि तिच्यातूनच वाचतील.

"म्हणजे सामाईक विहिरीसारखं," आबा म्हणाले.

"तसंच," इंजिनिअर म्हणाला. बिचारा नाशिक शहरातला होता. सामाईक विहिरीवर काय काय होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पहिला प्रश्न आला, पेटी ठेवायची कुठे. आबा म्हणाले, नानांच्या खोलीत ठेवा. नाना म्हणाले, आबांच्या खोलीत ठेवा. इंजिनिअरने पेटी उचलली, इकडे आणली, तिकडे नेली, परत इकडे आणली. मग घामाघूम होऊन ती जिन्यात ठेवून तो खाली चहाला निघून गेला. शेवटी गवंडी बोलावून मधल्या भिंतीला आरपार खिडकीएवढं भोक पाडलं आणि पेटी त्या भोकात बसवली. तोंड कुणाकडे आणि पाठ कुणाकडे, यावर आणखी एक सकाळ गेली. पेटी आडवी बसली. दोन्ही बाजूंना तिची एकेक कूस आली आणि दोन्ही व्याह्यांचं समाधान झालं.

मग इंजिनिअरने विचारलं, "डिस्कमधली जागा अर्धी-अर्धी वाटून देऊ ना?"

"त्यांना जास्त द्या," दोघेही एकदम म्हणाले.

नानांना भरून आलं की ते अहिराणीत शिरत. आबांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "याही, तुम्हनी आन मनी आसं काही शे का? बठ्ठं आपलंच शे!"

झालं. सगळं आपलंच म्हटल्यावर जागा वाटलीच नाही. इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

शेवटची गोष्ट त्याने फार जपून काढली. "हे बघा, दोन यंत्रं एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहायला लागली, तर गोंधळ होतो. इकडची ओळ तिकडे जाते, तिकडची इकडे. त्यासाठी कुलूप म्हणून एक सोय असते. एकाने फाइल लिहायला घेतली, की त्याचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं. ते मी बसवून देतो."

'कुलूप' हा शब्द दोघांच्याही कानांत जाऊन बसला होता.

आबा हळू आवाजात म्हणाले, "साहेब, त्यांनी पोटची पोर दिलीये आम्हाला. आणि आम्ही त्यांना कुलूप लावायचं?"

"तसं कुलूप नाही हो ते..."

"कसंही असो. व्याह्यांमध्ये कुलूप शोभत नाही."

नानांनी उपरण्याने डोळे टिपले. इंजिनिअरने बॅग आवरली आणि नाशिकची बस पकडली. दुपारी मी आबांना एकट्यांना गाठून सांगून पाहिलं, की आबा, यात मानापमान काही नाही, हे यंत्राचं यंत्राशी आहे. आबांनी मला समोर बसवलं, चहा मागवला आणि मायेने म्हणाले, "पोरी, तुझं अजून लग्न व्हायचंय. तुला हे नाही कळायचं."

पहिले काही महिने डिस्क निमूट चालली. मग ती भरत आली, आणि पडद्यावर जागा संपल्याची सूचना दिसू लागली. दोन्ही बाजूंच्या टायपिस्टांनी ती आपापल्या मालकाला वाचून दाखवली. या दोघांनीही आयुष्यात कधी कीबोर्डला बोट लावलेलं नव्हतं. ते टायपिस्टच्या मागे उभे राहून सांगत, आणि टायपिस्ट टाइप करी. आबांनी मनाशी विचार केला, आपल्यामुळे व्याह्यांची अडचण होतेय. त्यांनी टायपिस्टला सांगून आपल्या पंपांच्या जुन्या किमतींचे सगळे तक्ते पुसून टाकले. भिंतीपलीकडे नानांनीही तोच विचार केला आणि आपल्या जुन्या बिल्ट्या, म्हणजे मालवाहतुकीच्या पावत्या, पुसून टाकल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही, कारण उपकार बोलून दाखवायचे नसतात. दुसऱ्या दिवशी मी पाहते तर डिस्क जवळजवळ मोकळी. मला वाटलं चोरी झाली. नशिबाने माझ्याकडे टेपवर प्रत काढलेली होती. मी सगळं परत भरलं. आठवड्याने पुन्हा डिस्क भरली आणि पुन्हा दोघांनी गुपचूप उपकार केले. हे इतक्या वेळा झालं, की नंतर नंतर मी सकाळी आल्यावर आधी झाडू मारून घ्यायची आणि मग परत भरायला बसायची.

अशातच आबांच्या सुनेला, म्हणजे नानांच्या मुलीला, मुलगी झाली. बाळंतपण माहेरी, धुळ्याला झालं. दोन्ही ऑफिसांत पेढे वाटले. आबांनी नानांकडे पेढे पाठवले, नानांनी आबांकडे पाठवले, आणि दोन्ही ताटं भिंतीतल्या भोकाशी समोरासमोर आली. बारसं सव्वा महिन्यानंतर करायचं ठरलं. पण कुठे?

"माहेरी व्हायला हवं, धुळ्याला," आबा म्हणाले. "तुमचा मान आहे."

"छे! नात तुमच्या घरातली," नाना म्हणाले. "जळगावला करू."

बोलणं तिथेच थांबलं, कारण पुढे बोलणं म्हणजे वाद घालणं, आणि वाद घालणं दोघांच्याही तत्त्वात बसत नव्हतं. दोघांनी आपापल्या जागी मनात ठरवलं, की व्याह्यांना न विचारता आमंत्रणं छापून टाकायची. त्यांच्या मनासारखं झालेलं पाहून ते किती खूश होतील!

नेमके त्या आठवड्यात माझे डोळे आले. जळगावात साथच होती. सगळं गाव काळा चष्मा घालून फिरत होतं. मी रजा टाकून भडगावला आईकडे गेले आणि डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडून राहिले. आईला माझी नोकरी नेमकी काय आहे हे कधीच उमजलं नव्हतं. गल्लीत ती सांगायची, "पंपाच्या दुकानात एका पेटीवर लक्ष ठेवते."

एका दुपारी पोस्टमन पत्र टाकून गेला. आई ते घेऊन माझ्या उशाशी आली आणि ते उलटसुलट करून पाहत राहिली. मग म्हणाली, "काय गं, तुमच्या ऑफिसात बाळं पण विकतात का?"

मी एक डोळा उघडला. पोस्टकार्ड होतं, आमच्याच प्रिंटरवर छापलेलं. आईने मोठ्याने वाचलं:

"आमच्या येथे श्रीकृपेने माल सुस्थितीत येऊन पोहोचला असून, नग एक, वजन भरल्याप्रमाणे. कन्यारत्न पाच अश्वशक्तीचे आहे. बारशाचा समारंभ धुळे येथे जळगाव गोदामात योजिला आहे. तरी आपण सहकुटुंब येऊन मालाचा ताबा घ्यावा. विलंब झाल्यास भाडे आकारण्यात येईल. बाळास एक वर्षाची हमी असून पाण्याशिवाय चालवल्यास आमची जबाबदारी नाही. आपले नम्र, दोन्ही आजोबा, मालकाच्या जोखमीवर."

मी दुसराही डोळा उघडला.

काय झालं असेल, हे मला तिथे पडल्या पडल्या कळलं. नानांच्या टायपिस्टने 'माल आला आहे, घेऊन जा' या नेहमीच्या पोस्टकार्डाची फाइल उघडून तिच्यावरच बारशाचा मजकूर लिहायला घेतला असणार, जळगावचा. आबांच्या टायपिस्टने पंपाच्या हमीपत्राची फाइल उघडून तिच्यावर लिहायला घेतला असणार, धुळ्याचा. दोघांनीही नव्या फाइलला नाव दिलं 'बारसे', कारण दुसरं काय देणार? दोन्ही यंत्रांनी एकाच डिस्कवरच्या एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहिलं. थांब म्हणायला मधे कुणी नव्हतं. ओळी एकमेकींत शिरल्या आणि वर जे जुनं राहून गेलं होतं, तेही आत आलं.

वाईट याहून पुढे होतं. पत्त्यांची फाइलही सामाईकच होती. तिच्यात दोन्हीकडचे नातेवाईक होते, आबांकडून पंप घेतलेले शेतकरी होते, आणि नानांच्या ट्रकने माल मागवणारे व्यापारी होते. म्हणजे हे कार्ड अख्ख्या खानदेशात गेलं होतं.

काळा चष्मा लावून मी पहिल्या एसटीने जळगावला आले. ऑफिसात दोन्ही व्याही समोरासमोर बसले होते आणि मधे टेबलावर ते कार्ड पडलं होतं, दोघांपैकी कुणी हात लावत नव्हतं.

"चूक माझी आहे," आबा म्हणत होते.

"माझी आहे," नाना म्हणत होते.

"मी छापलेलं वाचायला हवं होतं. पण वाटलं, नानांनी पाहिलं असेल. पुन्हा तपासणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास."

"मी तरी कुठे वाचलं? म्हटलं, आबांच्या नजरेखालून गेलंय."

"तरी चूक माझीच मोठी."

"माझी मोठी, याही. माझं ऐका."

चूक कुणाची मोठी, यावर बहुतेक संध्याकाळ झाली असती. मी म्हटलं, "आबा, नाना, बारसं परवावर आलंय. पाहुणे येणार कुठे?"

हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. धुळे येथे जळगाव गोदाम असं ठिकाण पृथ्वीवर नव्हतं. काही लोक धुळ्याला जाणार, काही जळगावला. नव्याने कार्डं टाकायला वेळ उरला नव्हता. तेवढ्यात नानांचा एक जुना ड्रायव्हर दारात आला. त्याच्या हातातही कार्ड होतं. तो माझ्याकडे वळून प्रामाणिकपणे म्हणाला, "ताई, पोरगी कोठे उतारानी शे? धुळाले का जळगावले?"

मी एसटीडी बूथवर जाऊन धुळ्याला फोन लावला. दोघे व्याही माझ्यामागे रांगेत उभे राहिले, कोण आधी बोलणार यावर पुटपुटत. फोन बाळंतिणीनेच उचलला. मी तिला तोवर एकदाच भेटले होते. लग्नातल्या फोटोत जशी दिसते तशी ती शांत, बी.कॉम. झालेली, कमी बोलणारी. मी सगळं सांगितलं आणि कार्ड वाचून दाखवलं. पलीकडून नुसते हुंदक्यांसारखे आवाज येऊ लागले. मला वाटलं रडतेय. मग कळलं, ती हसतेय आणि हसता हसता तिचे टाके दुखताहेत.

"मला कुणी विचारलं होतं का, बारसं कुठे करायचं?" ती म्हणाली.

"नाही."

"मग आता मी सांगते. धुळे आणि जळगावच्या मधे काय येतं?"

"पारोळा."

"पारोळ्यात करा. धुळ्याला आलेल्यांना बाबांचे ट्रक पारोळ्याला आणतील, जळगावच्यांना सासरेबुवांचे टेम्पो. जागा शोधा. आणि त्या दोघांना फोन देऊ नका, मला बाळाला पाजायचंय."

जागा आपोआप मिळाली. पारोळ्याचे एक शेठ होते, मूळ राजस्थानातले, पण दोन पिढ्या इथेच कापसाचा व्यापार केलेले. त्यांचा माल नानांच्या ट्रकने जायचा, त्यामुळे त्यांनाही कार्ड गेलं होतं. त्यांचाच फोन आला. "नानासाहेब, ये कार्ड समझा नहीं. माझा कोणता नग आलाय? मी तर काही मागवलं नव्हतं." नानांनी चाचरत खरं काय ते सांगितलं. शेठ इतके हसले की रिसीव्हर लांब धरावा लागला. मग म्हणाले, "माझं कापसाचं गोदाम मोकळं आहे. ताबा तिथेच देऊ."

बारशाच्या दिवशी पारोळ्याच्या त्या गोदामासमोर मी जे पाहिलं, ते पुन्हा पाहायला मिळणार नाही. धुळ्याकडून ट्रक यायचे, फळी पडायची, आणि त्यातून पैठण्या नेसलेल्या बायका एकमेकींचा हात धरून उतरायच्या. जळगावकडून पंपाच्या जाहिराती रंगवलेले टेम्पो यायचे. ड्रायव्हर सवयीने ओरडायचे, "जपून उतरवा, काचसामान आहे!" नरडाण्याकडचा एक शेतकरी आपला बंद पडलेला पंप घेऊन आला होता, कारण त्याच्या कार्डावर हमीचा उल्लेख होता. पंप परत न्यायला तो तयार होईना. शेवटी आबांनी मेकॅनिक बोलावून तो तिथेच दुरुस्तीला लावला.

व्यापारी मंडळी झबली-टोपडी घेऊन आली होती. त्यांच्यातल्या एकाने नानांना बाजूला घेऊन विचारलं, "विलंबाचं भाडं खरंच लागणार होतं का? म्हणून सकाळीच निघालो."

जेवणाला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. माणसं मोजायला कुणाला उसंत नव्हती. बट्ट्या संपल्या की पुन्हा कणीक मळायची, आणि वाढणाऱ्यांत ट्रकचे क्लीनरही होते.

पाळणा टांगायची वेळ आली आणि कळलं की गोदामाला हूक एकच आहे. छतातून एक लोखंडी वजनकाटा लोंबत होता, कापसाच्या गठड्या तोलायचा, घड्याळासारख्या गोल तबकडीचा. शेठ म्हणाले, "मजबूत आहे. गठडी पेलतो तर पोरगी का नाही पेलणार?" पाळणा त्यालाच बांधला. फुलं लावली, बायका भोवती बसल्या, आत्याने दोरी ओढली, आणि पाळणा हलला तसा वरच्या तबकडीतला काटाही हलला. पुढे गेला की काटा चढायचा, मागे आला की उतरायचा. बायकांना पाळणा म्हणायचं सुचेना. सगळ्यांच्या माना वर. कुणी हळूच म्हणायची, "चढलं गं वजन," दुसरी म्हणायची, "उतरलं." मुलगी मात्र आतून तबकडीकडे टक लावून पाहत होती, रडली नाही.

आत्याने कानात नाव सांगितलं. ते नावही बाळंतिणीनेच ठरवलं होतं. मी नंतर ऐकलं, की आबांनी आत्याला नानांच्या आईचं नाव सुचवलं होतं आणि नानांनी आबांच्या आईचं. आत्या घाबरून थेट तिच्याकडे गेली होती.

गर्दी थोडी ओसरल्यावर ती मुलीला मांडीवर घेऊन गठडीवर बसली आणि दोघांना समोर बोलावलं. बाजूला पंप सुरू झाला होता आणि शेतकरी टाळ्या वाजवत होता, त्यामुळे तिला जरा मोठ्याने बोलावं लागलं.

"ते कुलूप बसवून घ्या," ती म्हणाली.

दोघांचे चेहरे पडले. आबा म्हणाले, "सूनबाई, व्याह्यांमध्ये कुलूप..."

"घरी पाहुणे आले की न्हाणीघराला आतून कडी लावता ना? की पाहुण्यांचा अपमान होईल म्हणून दार उघडं ठेवता?"

आबांनी नानांकडे पाहिलं.

"एक आत असेल तेव्हा दुसऱ्याने बाहेर थांबायचं. एवढंच आहे ते. बरोबर ना, ताई?" हे मला उद्देशून होतं. इंजिनिअरने सबंध सकाळ खर्चूनही जे त्यांच्या गळी उतरवता आलं नव्हतं, ते तिने एका न्हाणीघरात बसवलं. मी म्हटलं, "बरोबर."

नाना जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "म्हणजे याही आत असले की मी दार वाजवायचं नाही?"

"वाजवा. पण ढकलू नका."

पुढच्या आठवड्यात नाशिकचा इंजिनिअर आला. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने एक कार्ड मागून घेतलं आणि घडी करून पाकिटात ठेवलं. मग कुलूप बसवलं आणि डिस्कची जागाही वाटून दिली. आता एकाने फाइल लिहायला घेतली, की दुसऱ्याच्या पडद्यावर 'थांबा' असं येई. आबांच्या टायपिस्टच्या पडद्यावर ते पहिल्यांदा आलं, तेव्हा मागे उभे असलेले आबा खरंच हात जोडून थांबले. नानांचा टायपिस्ट फाइल उघडी टाकून जेवायला गेला होता. आबा उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. त्यांची बिलं अडली होती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी ते नानांच्या दारात गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाले, "अहो याही, माणूस आहात की काय! किती वेळ?"

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. नाना खुर्चीतून उठले. आता काय होणार म्हणून मी जिन्याकडे सरकले.

"मंग?" नाना म्हणाले. "तुम्ही कालदिन मले तासभर ताटकळाडं, ते?"

"तासभर? पाच मिनिटं!"

"तासभर!"

भांडण चांगलं अर्धा तास रंगलं. त्यात कालचं 'थांबा' निघालं, मग डिस्कच्या पेटीची जागा निघाली, मग लग्नातल्या जेवणात मीठ कमी होतं तेही निघालं. शेवटी दोघे दमून एकाच बाकावर बसले. आबांनी चहा मागवला. नाना म्हणाले, "साखर जरा जास्त सांगा, मागच्या वेळी तुम्ही पाठवलेला चहा अगदीच फिका होता." आबा म्हणाले, "तो चहा तुमच्याकडूनच आला होता." आणि दोघांना हसू फुटलं. त्यानंतर ते रोज भांडत. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळीच टवटवी आली. हमालांना मात्र थोडं वाईट वाटलं असावं, कारण जिन्यात आता दोघे एकमेकांना ढकलून चढत आणि हमालांना आधी चढून जायला मिळत नसे.

मुलगी बसायला लागली तशी सूनबाई तिला घेऊन अधूनमधून ऑफिसात येऊ लागली. मुलगी टेबलावर, ती टर्मिनलसमोर. तिला शिकवायला मला फार वेळ लागला नाही. फाइल कुणाची, कोणी वाचायची, कोणी लिहायची, हे तिला आपोआप समजे. दोन घरांच्या मधे राहिलेल्या बाईला ते बहुधा आधीच येत असावं. पुढे माझं लग्न ठरलं आणि मला नाशिकला जायचं झालं, तेव्हा सगळ्या चाव्या, म्हणजे सगळे पासवर्ड, मी तिलाच दिले.

नंतर कधीतरी तिचा फोन आला होता. म्हणाली, ताबा घेतल्यावर पहिलं काम तिने केलं ते हे, की आबा आणि नाना या दोघांच्या नावाने जी खास परवानगी होती, कुठेही शिरून काहीही पुसायची, ती काढून टाकली.

"चिडले नाहीत?" मी विचारलं.

"अजून त्यांना कळलेलं नाही," ती म्हणाली.